पॉलिश न करता गाडीच्या रंगावरचे जुने वॅक्स आणि सीलंट कसे काढावे?

प्रश्न

नमस्कार. माझ्याकडची गडद निळ्या रंगाची गाडी मी जुनी (सेकंड हँड) घेतलेली आहे. आधीच्या मालकांना चकाकीची फार हौस होती. त्यांनी अनेक वर्षे तिच्यावर कधी डब्यातले कार्नौबा वॅक्स, कधी बाटलीतले सीलंट (रंगावर संरक्षक थर देणारे द्रव्य), तर कधी नुसते फवारून पुसायचे वॅक्स लावले, आणि कोणत्या थरावर कोणता थर चढला आहे हे आता त्यांनाही सांगता येत नाही. याखेरीज त्यांनी तीन-चार वेळा संपूर्ण गाडीला मशीनने पॉलिश करून घेतले होते. रंगाची जाडी मोजण्याच्या यंत्राने तपासले असता दारांवर ११८ ते १२५ मायक्रॉन आणि बॉनेटवर व छतावर मात्र ८२ ते ८८ मायक्रॉन असे आकडे आले. हे यंत्र पत्र्यावरच्या सगळ्या थरांची एकत्रित जाडी दाखवते आणि त्यात क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर, जो दर पॉलिशला झिजतो) किती उरला आहे हे कळत नाही, याची मला जाणीव आहे. परंतु नेमक्या याच कारणामुळे बॉनेटवर पुन्हा पॉलिश चालवण्याचे धाडस मला होत नाही.

अडचण अशी आहे की पाणी टाकल्यावर बॉनेटच्या एका भागात टपोरे थेंब उभे राहतात, शेजारच्याच हातभर जागेत पाणी पसरून बसते, आणि गेल्या वेळी मी लावलेले नवे सीलंट काही ठिकाणी तीन आठवड्यांतच निघून गेले. नवे सीलंट खालच्या स्वच्छ रंगाला न चिकटता जुन्या वॅक्सला चिकटले असावे, असा माझा कयास आहे. सगळे जुने थर उतरवून कोऱ्या क्लिअर कोटवर एकदाच नीट काम करावे, असे मनात आहे.

आतापर्यंत मी भांडी घासण्याच्या द्रव साबणाने गाडी दोनदा धुतली. त्या दिवशी थेंब उभे राहिले नाहीत, म्हणून वॅक्स गेले असे मी समजलो. पण दुसऱ्या-तिसऱ्या धुण्यानंतर ते थेंब होते तसेच परत आले. घासण्याचे काम न करता, केवळ रसायनांच्या साहाय्याने हे थर पूर्णपणे काढता येतात का? येत असतील तर कशाने, कोणत्या क्रमाने, आणि थर खरोखर गेले आहेत हे ओळखायचे कसे?


पहिला प्रतिसाद

थेंब गेले आणि परत आले, या तुमच्या निरीक्षणातच साबणाचे गुपित आहे. भांड्यांच्या साबणातले पृष्ठक्रियाशील घटक पूर्ण विसळले गेले नाहीत, तर रंगावर त्यांची अतिशय पातळ ओल राहून जाते आणि वरून पडणाऱ्या पाण्याचा पृष्ठताण तिच्यामुळे कमी होतो. पाणी पसरते, आणि खालचे वॅक्स जागच्या जागी असूनही ते गेल्यासारखे दिसते. पुढच्या धुण्यात ती ओल वाहून गेली की वॅक्स पुन्हा आपले काम करू लागते. अगदी मऊ, जुन्या वॅक्सचा काही अंश या साबणाने निघतो हे खरे असले, तरी त्याची रचना ताज्या तेलाचे आणि तुपाचे कण पाण्यात उचलून धरण्यासाठी केलेली असते. वाळून घट्ट बसलेला थर रंगापासून सोडवण्यासाठी ती केलेली नसते. तेव्हा साबणाचे धुणे ही फक्त पूर्वतयारी समजावी, आणि तेही गाडीसाठीच्या साध्या शाम्पूने केले तरी चालते.


दुसरा प्रतिसाद

मी हे काम बरीच वर्षे हौसेने आणि बारकाईने करत आलो आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

पहिल्यांदा हे ठरवावे लागते की आपण काय काढायला निघालो आहोत, कारण वॅक्स, सीलंट आणि सिरॅमिक कोटिंग या तीन गोष्टी रसायनाला तीन निरनिराळ्या प्रकारे दाद देतात. कार्नौबा हे ब्राझीलमधल्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरचे मेण असून ते ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला वितळते. नुसत्या कोमट पाण्याने ते सुटत नाही याचे कारण एवढेच. उकळते पाणी ओतून पाहण्याचा सल्ला काही जण देतात, तो कृपया मानू नये, कारण त्यात हात भाजण्याचा धोका खरा असतो आणि वितळलेले मेण पुढच्या थंड पत्र्यावर जाऊन पुन्हा बसते. मात्र डब्यातले वॅक्स म्हणजे शुद्ध कार्नौबा नव्हे. ते पेट्रोलियमपासून मिळणाऱ्या द्रावकात कालवलेले असते आणि त्यात इतर मऊ मेणे, तेले आणि सिलिकोनही असतात. ज्या जातीच्या द्रावकात ते कालवले गेले, त्याच जातीच्या द्रावकाने ते फुगते, मऊ होते आणि कापडाला उचलता येते, हे सूत्र लक्षात ठेवले की पुढचे सगळे सोपे होते.

सीलंटची गोष्ट थोडी वेगळी आहे. बहुतेक सीलंटमध्ये अमिनो गट जोडलेले सिलिकोन असते. हे गट रंगाच्या पृष्ठभागाला घट्ट धरतात आणि सिलिकोनची साखळी बाहेरच्या बाजूला राहून पाणी झटकते. हे थर तुलनेने चिवट असतात, पण तीव्र आम्लारिधर्मी द्रावणापुढे आणि त्यानंतर द्रावकाने पुसण्यापुढे बहुतेक वेळा टिकत नाहीत. तिसरा प्रकार सिरॅमिक कोटिंगचा. ते पूर्ण पक्के झाल्यावर सिलिकाचे जाळे बनते आणि ते कोणत्याही सुरक्षित रसायनाने उतरत नाही. तुमच्या गाडीवर ते असल्याचे तुमच्या वर्णनावरून वाटत नाही, परंतु खाली दिलेले सगळे करूनही एखाद्या भागातले थेंब तसूभर न बदलता उभे राहिले, तर तिथे कोटिंग असण्याची शंका घ्यावी आणि तिथेच थांबावे. तिथे त्या कोटिंगवर चालणारा सिलिकायुक्त थर लावणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे. ते उपटण्यासाठी पातळ झालेला क्लिअर कोट पणाला लावू नये.

आता क्रम सांगतो. गाडी सावलीत आणि पत्रा हाताला थंड लागेल अशा वेळी घ्यावी, कारण कडक उन्हात गडद रंगाचा पत्रा ६० अंशांच्याही वर तापू शकतो आणि तशा पत्र्यावर कोणतेही रसायन क्षणात वाळून डाग पाडते. आधी भरपूर पाण्याने धूळ आणि चिखल काढावा आणि साध्या शाम्पूने गाडी धुवावी. मळाच्या थराखाली दडलेल्या वॅक्सवर रसायन टाकणे म्हणजे रसायन मळावरच खर्च करणे.

त्यानंतर आम्लारिधर्मी क्लीनरची पाळी. ज्याला ऑल पर्पज क्लीनर म्हणतात किंवा वॅक्स उतरवण्यासाठीचा म्हणून जो तीव्र शाम्पू विकला जातो, त्याचा सामू साधारणपणे १० ते १२ च्या दरम्यान असतो. डब्यावर जेवढे पातळ करायला सांगितले असेल त्यापेक्षा तो जाड वापरू नये. खालून वर असा फवारा मारावा, तीन ते पाच मिनिटे थांबावे, मऊ मिटने (धुण्याच्या हातमोज्याने) हलक्या हाताने एकदा फिरवावे आणि वाळण्याच्या आत खळखळून विसळावे. थांबण्याच्या त्या वेळात रसायन आपले काम करते, म्हणून घाईने विसळल्यास काही साधत नाही. मात्र वाळू दिले तर रंगावर आणि काळ्या प्लॅस्टिकवर पांढुरके ओघळ राहतात. उघड्या अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांवर हे द्रावण पडू देऊ नये, कारण आम्लारीने त्या काळवंडतात किंवा धुरकट होतात आणि तो डाग मग निघत नाही. अशा पट्ट्या आधी मास्किंग टेपने झाकाव्यात. हा फेरा दोनदा करावा. मी तिसऱ्यांदा सहसा करत नाही, कारण जे दोनदा सुटले नाही ते तिसऱ्यांदाही फारसे सुटत नाही असा माझा अनुभव आहे.

यानंतर गाडी पूर्ण वाळवून द्रावकाने पुसण्याचे काम करावे. इथे बहुतेकांच्या मनात आयसोप्रोपिल अल्कोहोल येते. ते उपयोगी आहे, पण लोक समजतात त्या कामासाठी नाही. थंड अल्कोहोलमध्ये कार्नौबा जवळजवळ विरघळतच नाही. पॉलिशची तेले, बोटांचे ठसे आणि आधीच्या द्रावकाचा उरलेला अंश पुसून घेण्यासाठी ते उत्तम आहे, म्हणून त्याची जागा सर्वांत शेवटी आहे. मेणाचा मूळ थर मऊ करण्यासाठी व्हाइट स्पिरिटच्या जातीचा, म्हणजे पेट्रोलियमजन्य सौम्य द्रावक लागतो. रंगकामाच्या आधी वापरतात तो वॅक्स आणि ग्रीस रिमूव्हर याच जातीचा असतो, आणि गाडीच्या रंगासाठीच बनवलेला असल्यामुळे मी तोच घेण्याचा आग्रह धरतो. थिनर, अॅसिटोन किंवा पेट्रोल यांपैकी काहीही, अगदी एका कोपऱ्यावरसुद्धा, वापरून पाहू नये.


तिसरा प्रतिसाद

वरचे विवेचन योग्य आहे. मी गाड्यांच्या रंगकामात असल्यामुळे द्रावकाच्या भागात थोडी भर घालतो, कारण आमच्या कामात वॅक्स आणि सिलिकोन हे शत्रू क्रमांक एकचे आहेत. पत्र्यावर सिलिकोनचा अंश राहिला की त्यावर मारलेला ताजा रंग जागोजागी आकसून बारीक खळगे पडतात, ज्यांना आम्ही फिश आय म्हणतो, आणि ते पडले की सगळे काम पुन्हा करावे लागते. आम्ही पुढे जाऊन जुन्या रंगावर घासायचा पेपर मारतोच. तरीही पेपर मारण्याच्या आधी सिलिकोन रसायनानेच काढून घेतो, कारण ते न काढता घासले तर घासण्याच्या बारीक रेघांत ते आणखी खोल जाऊन बसते. तेव्हा घासल्याशिवाय हे थर निघतात का, या प्रश्नाचे माझे उत्तर निःसंशय होकारार्थी आहे.

पण सगळे यश कापड कसे वापरता यावर अवलंबून असते. दोन कापडे घ्यावीत, एक द्रावकात भिजवलेले आणि एक पूर्ण कोरडे. ओल्या कापडाने सुमारे ४० सेंटिमीटर लांबी-रुंदीचा चौकोन ओला करावा आणि तो ओला असतानाच, द्रावक उडून जायच्या आत, कोरड्या कापडाने एकाच दिशेने टिपून घ्यावा. द्रावक स्वतःहून वाळू दिला तर त्याने सोडवलेले मेण आणि सिलिकोन तो जाता जाता त्याच जागी परत पसरून ठेवतो. लोक तक्रार करतात की तासभर पुसूनही काही गेले नाही, तेव्हा दहापैकी नऊ वेळा हीच चूक झालेली असते. कोरड्या कापडाची घडी दर चौकोनाला बदलावी, आणि सगळ्या घड्या वापरून झाल्या की कापडच बदलावे. एका बॉनेटला मला चार ते सहा कापडे लागतात आणि त्यात मी कधीही काटकसर करत नाही. कापड कधीही दाबून चोळू नये. जोर द्रावकाने लावायचा आहे, हाताने नाही.

रंगाविषयी एक इशारा. आजच्या बहुतेक गाड्यांवरचा भट्टीत पक्का केलेला क्लिअर कोट असा सौम्य द्रावक थोडा वेळ सहज सहन करतो. परंतु फार जुन्या गाड्यांवरचा लॅकर, क्लिअर कोट नसलेला एकथरी रंग आणि अलीकडेच दुरुस्तीत मारलेला रंग हे तिन्ही द्रावकाला हळवे असतात. पांढऱ्या कापडाने दिसणार नाही अशा जागी, दाराच्या आतल्या कडेला, पुसून पाहावे. कापडावर रंग उतरला तर क्लिअर कोट नाही किंवा तो पक्का नाही असे समजून द्रावकाचा नाद सोडावा. ताज्या दुरुस्तीच्या रंगाला निदान महिनाभर हात लावू नये. पुढच्या दिव्यांच्या काचा प्रत्यक्षात पॉलिकार्बोनेटच्या असतात आणि काही द्रावकांनी त्यांच्यात केसासारख्या भेगा पडतात, म्हणून दिवे, रबरी पट्ट्या, चिकटवलेले विनाइल आणि संरक्षक फिल्म यांच्यापासून द्रावक लांबच ठेवावा.

आगीचे भान सतत असावे. आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या वाफा १२ अंश सेल्सिअसलाही पेट घेऊ शकतात, म्हणजे नेहमीच्या हवेत ते कायमच पेटण्याजोगे असते. बंद गॅरेजमध्ये, चालू हीटरजवळ किंवा ठिणगी उडू शकेल अशा जागी हे काम करू नये, नायट्राइलचे हातमोजे घालावेत, आणि वापरलेली कापडे गोळा करून डब्यात न कोंबता बाहेर मोकळ्यावर पसरून वाळवावीत.


प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. तुमच्या सांगण्याप्रमाणे मी सगळ्या गाडीवर एकदम हात न घालता बॉनेटच्या मधोमध मास्किंग टेप लावून फक्त उजवा अर्धा भाग घेतला. आम्लारिधर्मी क्लीनरचे दोन फेरे झाले, वाळवून वॅक्स आणि ग्रीस रिमूव्हरने दोन कापडांच्या पद्धतीने पुसले, आणि पुन्हा साध्या शाम्पूने धुतले. डावीकडे पाण्याचे थेंब पूर्वीसारखेच उंच आहेत. उजवीकडे ते फार मोठ्या प्रमाणात गेले, तरी अगदी सपाट पाणी मात्र होत नाही. चपटे, वेडेवाकडे थेंब अजूनही राहतात. याचा अर्थ काही थर उरला आहे, असा घ्यावा का? तसे असेल तर क्ले बार (रंग साफ करण्याची मऊ वडी) फिरवू का?

दुसरी गोष्ट मला अधिक अस्वस्थ करते आहे. उजव्या बाजूची चकाकी कमी झाली आहे आणि दिव्याच्या उजेडात तिथे कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे दिसू लागले आहेत, जे डावीकडे जवळजवळ दिसत नाहीत. मी कुठेही जोर लावलेला नाही. माझ्या हातून हे ओरखडे पडले असतील का?


चौथा प्रतिसाद

ते ओरखडे तुम्ही पाडलेले नाहीत, ते तुम्ही उघडे केले आहेत. अनेक वॅक्समध्ये आणि विशेषतः चकाकी वाढवणाऱ्या ग्लेझमध्ये अशी तेले आणि भराव असतात की ते बारीक ओरखड्यांत साचून त्यांच्या कडा उजेडात चमकू देत नाहीत. वर्षानुवर्षांच्या धुण्याने आणि मशीनच्या पॉलिशनेही पडलेल्या रेघा त्या भरावाखाली झाकलेल्या होत्या. भराव निघाला, म्हणून रेघा दिसल्या. तुमचे काम योग्य झाल्याची मी तर हीच सर्वांत भरवशाची खूण मानेन, कारण खुणेसाठी नुसत्या पाण्याच्या थेंबांवर विसंबणे फसवे ठरते.

थेंबांविषयी सांगायचे तर कोरा, अगदी स्वच्छ क्लिअर कोटसुद्धा काचेसारखा पाण्याला पूर्ण ओढून घेत नाही. त्याच्यावर पाणी थोडेफार गोळा होतेच, फक्त त्या थेंबांचा आकार अनियमित असतो, ते पत्र्याला चपटे चिकटून असतात आणि पत्रा तिरका असला तरी रेंगाळत खाली सरकतात. वॅक्स किंवा सीलंट असलेल्या भागावरचे थेंब गोल, उंच आणि एकाच घडणीचे असतात व किंचित उतारावरूनही घरंगळतात. तुम्ही वर्णन केलेले चपटे, वेडेवाकडे थेंब म्हणजे कोऱ्या रंगाचे लक्षण आहे. पाणी आरशासारखे सपाट पसरेपर्यंत रसायन मारत राहिलात, तर जे घडणार नाही त्याची वाट पाहत राहाल आणि रंगाला विनाकारण त्रास द्याल.

याच्या उलटही फसगत होते आणि तुमच्या मूळ प्रश्नातली ठिगळे कदाचित त्यातलीच असतील. जिथे पाणी पसरत होते तिथे वॅक्स नव्हतेच असे म्हणता येत नाही. जड पाण्यातले क्षार वॅक्सच्या थरावर वाळून बसले, किंवा रस्त्यावरची तेलकट धूळ त्याच्यावर चढली, की खालचा थर शाबूत असूनही पाणी पसरते. तुमचे नवे सीलंट तीन आठवड्यांत निघून गेले ते अशाच भागांतून गेले असावे, म्हणजे ते रंगालाही चिकटले नव्हते आणि वॅक्सलाही नव्हते, ते मळाला चिकटले होते. म्हणून क्षाराचे ठिपके दिसत असतील तर डाव्या भागावर काम सुरू करण्याआधी सौम्य आम्लधर्मी शाम्पूने एकदा धुऊन घ्या, आणि त्यानंतर आम्लारिधर्मी क्लीनरकडे वळा. दोन्ही एकमेकांत मिसळू नयेत आणि मध्ये भरपूर पाणी जाऊ द्यावे.

क्ले बारबद्दल माझे मत स्पष्ट आहे. क्ले म्हणजे मऊ रबरी लगद्यात धरलेले बारीक घर्षक कण. रंगात रुतलेली लोखंडाची धूळ, डांबराचे किंवा रंगाचे तुषार कापून काढण्यासाठी ती उत्तम आहे, वॅक्सही काही प्रमाणात ती खरवडते, पण गडद आणि मऊ रंगावर ती स्वतःच्या पुसट रेघा मागे सोडते, ज्या काढायला शेवटी पॉलिशच लागते. तुम्हाला पॉलिश टाळायचे आहे, तेव्हा हाताच्या बोटांवर पातळ प्लॅस्टिकची पिशवी चढवून वाळलेल्या, स्वच्छ बॉनेटवरून अलगद हात फिरवा. पिशवीमुळे खरखर कितीतरी पटींनी जाणवते. खरखर लागली नाही तर क्लेची गरजच नाही. लागली तर आधी लोखंड विरघळवणारे द्रावण फवारून पाहा. ते लोखंडाच्या कणांशी संयोग पावून जांभळे होते, आणि कण सुटून पाण्याबरोबर जातात. डांबराचे ठिपके टार रिमूव्हरने जातात. एवढे झाल्यावर क्ले वापरण्याची वेळ क्वचितच येते.


दुसऱ्या प्रतिसादकाची भर

चौथ्या प्रतिसादाशी मी पूर्ण सहमत आहे. मी क्लेला इतका विरोध केला नसता, पण ८२ मायक्रॉनच्या आकड्यापुढे तोच सल्ला योग्य आहे. एक गोष्ट मी आधी लिहायची विसरलो. वॅक्सचा थर एका मायक्रॉनहूनही पातळ असतो, त्यामुळे तो गेला की नाही हे जाडी मोजण्याच्या यंत्राने कळणार नाही. आधीचे आणि नंतरचे आकडे सारखेच आले तर निराश होऊ नये. उलट ते सारखे आले म्हणजे तुमचा रंग जागच्या जागी आहे, आणि तुम्हाला तेच हवे होते.

नवे सीलंट लावण्याच्या अगदी आधी, त्याच दिवशी, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी यांच्या मिश्रणाने एकदा पुसून घ्यावे. मी चार भाग पाण्याला एक भाग अल्कोहोल एवढेच प्रमाण ठेवतो. यापेक्षा तीव्र मिश्रण फार लवकर उडते, कापड कोरडे पडून रंगावर ओढले जाते आणि नव्या रेघा पडतात. काही दुरुस्तीच्या रंगांना तीव्र अल्कोहोलने तात्पुरती सूजही येते.


प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

काल डावा अर्धा भागही पूर्ण केला, आणि काय दिसले ते सविस्तर लिहितो. आम्लधर्मी शाम्पूने धुतल्यावर डावीकडच्या ज्या हातभर जागेत पाणी पसरून बसायचे, तिथे लगेच टपोरे थेंब उभे राहिले. म्हणजे तिथे वॅक्स संपलेले नव्हते, ते क्षाराखाली गाडलेले होते. त्यानंतर आम्लारिधर्मी क्लीनरचे दोन फेरे आणि द्रावकाने पुसणे केले, आणि मग दोन्ही बाजूंचे थेंब सारखेच चपटे झाले. टेप काढल्यावर मधली रेघ दिसली नाही. ओरखडे आता बॉनेटभर सारखे दिसतात आणि ते तसेच राहू देण्याचे मी ठरवले आहे. जो क्लिअर कोट उरला आहे तो त्या रेघांपेक्षा मला अधिक मोलाचा वाटतो. पिशवीत हात घालून फिरवल्यावर फक्त बॉनेटच्या पुढच्या कडेला थोडी खरखर लागली, तिथे लोखंडाच्या द्रावणाने जांभळे ओघळ आले आणि खरखर गेली. क्ले वापरावी लागली नाही. यंत्रावर बॉनेटचे आकडे आजही ८२ ते ८८ असेच आहेत.

छताच्या मागच्या कोपऱ्यात तळहाताएवढ्या जागेवर मात्र दोन्ही फेऱ्यांनंतर आणि द्रावकानंतरही गोल, उंच थेंब पहिल्यासारखेच उभे राहतात. तिथे आधीच्या मालकांनी कोटिंगचा एखादा नमुना लावून पाहिला असावा, असे वाटते. सांगितल्याप्रमाणे मी तिथे थांबलो आहे. उद्या सकाळी पत्रा थंड असताना अल्कोहोलच्या पातळ मिश्रणाने पुसून सगळ्या गाडीला सीलंटचा पहिला थर देणार आहे, आणि तो कोपरा तेवढा वगळून तिथे सिलिकायुक्त फवारा वापरणार आहे.